आधी काय झिजू द्यायचं

शेफिल्डच्या पश्चिमेला रिंगिंगलो नावाची वस्ती आहे. वस्ती म्हणजे एक पब, एक जुनं अष्टकोनी टोलनाकं आणि थोडीशी घरं. तिथून डांबरी रस्ता सोडून हाउंडकर्कच्या दगडी वाटेला लागलं, की नोव्हेंबर ते मार्च या काळात दहा-पंधरा मिनिटांत सायकलचा आवाज बदलतो. चेन कुरकुरायला लागते. ब्रेक दाबला की आधी कचकच, मग किंकाळी. पुढच्या चाकानं उडवलेलं पाणी ओठांवर येतं आणि दाताखाली रेती करकरते. धुतलेल्या पालेभाजीत राहून गेलेली रेती जशी जेवणाचा विचका करते, तोच प्रकार चेनच्या पोटात चालू असतो. फरक एवढाच, की चेनला घास थुंकता येत नाही.

पुण्याहून इथं आलो तेव्हा चिखलाची मला धास्ती नव्हती. मुळशी-ताम्हिणीच्या पावसात सायकल चालवलेल्या माणसाला इंग्लंडचा पाऊस तो काय घाबरवणार? आकड्यांत पाहिलं तर महाबळेश्वरपुढं शेफिल्ड म्हणजे किस झाड की पत्ती. इथं वर्षाला साधारण आठशे मिलिमीटर पडतो. महाबळेश्वरला तेवढा जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो. पण आपल्याकडचा पाऊस कोसळतो आणि दसऱ्याच्या सुमाराला निघूनही जातो. दिवाळीत वाटा खडखडीत असतात. इथला झिमझिमतो, थांबतो, परत झिमझिमतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आत सूर्य बुडतो आणि बुडायच्या आधी तरी कुठं धड उगवलेला असतो! ऑक्टोबरात भिजलेली वाट एप्रिलपर्यंत भिजलेलीच राहते.

शिवाय माती वेगळी. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट, त्यात क्वार्ट्झ नावाला. तो कुजला की त्याची चिकणमाती होते. ती टायरला लदलदून चिकटते, चाक आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत जाऊन बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. काळ्या रानातून सायकल खांद्यावर घेऊन आलेल्या कुणालाही हे सांगायला नको. तो चिखल अडवतो. इथला खातो.

याचं कारण खालचा दगड. शेफिल्डच्या बाजूनं पीक डिस्ट्रिक्टमध्ये शिरलं की लागतो तो भरड वालुकाश्म, नाव मिलस्टोन ग्रिट. बत्तीसेक कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडचे डोंगर झिजले, नद्यांनी त्यांची वाळू आणून इथल्या त्रिभुज प्रदेशात ओतली आणि तिचा हा दगड झाला. क्वार्ट्झचे दाणे चष्म्याशिवाय दिसतील एवढे मोठे. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोहसची मोजपट्टी आहे, तिच्यावर क्वार्ट्झ सातव्या पायरीवर बसतं. ब्रेकच्या डिस्कचं पोलाद त्याच्या खाली, ॲल्युमिनियम तर कुठल्या कुठं खाली. या दगडाची पूर्वी जाती करत. स्टॅनेजच्या कड्याखाली कोरून तयार झालेली, पण गिऱ्हाइकाविना तशीच पडून राहिलेली कितीतरी जाती आजही नेच्यांच्या झुडपांत आडवी पडली आहेत. लोकांना पांढऱ्याशुभ्र पिठाची गोडी लागली, त्यासाठी फ्रान्समधून वेगळा दगड येऊ लागला आणि इथला धंदा बसला. १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यानं बोधचिन्ह म्हणून हेच जातं उचललं. ‘इथं दळून मिळेल’ अशी पाटीच म्हणा ना! आपण तिच्याखालून सायकल घेऊन आत शिरतो आणि मग ब्रेक पॅड संपले म्हणून कुरकुरतो.

उन्हाळ्यात हीच रेती फारसा त्रास देत नाही. कोरडी असते, उडते, झडून जाते. पाणी मिळालं की तिचं वागणं बदलतं. पाणी तिला नको तिथं वाहून नेतं, चिकटवून ठेवतं आणि जाता जाता तेल-ग्रीस धुऊन टाकतं. रेती आणि पाणी यांचा जो करडा लेप तयार होतो तो डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये, चेनच्या पिनांभोवती, फोर्कच्या सीलच्या ओठावर पसरतो, आणि आपण पॅडल मारत राहतो. शाळेत सुविचाराच्या फळ्यावर ‘चंदनासारखे झिजावे’ असं लिहिलेलं असायचं. ते माझ्या ब्रेक पॅडनी फारच मनावर घेतलंय.

पॅड म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची पट्टी आणि तिच्यावर बसवलेला साधारण दोन मिलिमीटर जाडीचा मसाला. दुसरं काही नाही. ओल्या रविवारी हे दोन मिलिमीटर सकाळी निघताना असतात आणि दुपारी घरी येईपर्यंत नसतात, असं होऊ शकतं. इथल्या कुणालाही विचारा. गॅरेजमध्ये चाक काढून कॅलिपरमध्ये बॅटरीचा झोत मारायचा. पॅड धरून ठेवणारी बारीक पिन ओढली की दोन्ही पॅड, मधल्या पातळ स्प्रिंगसकट, खाली सरकून हातात येतात. मसाला संपलेला असेल तर आधी स्प्रिंगच्या कडा चमकताना दिसतात, कारण डिस्क आता तिलाच घासू लागलेली असते. मग पट्टीवर गोल ओरखडे, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तसे. अर्धा मिलिमीटर मसाला उरला की पॅड बदलावं, असं कंपनीच सांगते. नव्या पॅडना जागा हवी म्हणून बाहेर आलेले पिस्टन आत ढकलायचे असतात. ते ढकलण्याआधी पुसायचे. कडेला साठलेली रेती पुसल्याशिवाय पिस्टन आत लोटला तर ती रेती सीलमध्ये जाते आणि दीडशे रुपयांचं काम दीड हजारावर जातं. इथं पौंडांत, म्हणजे आणखी झोंबतं.

पॅडची जात कुठली, हा हिवाळ्यातला खरा प्रश्न. रेझिनचे पॅड मऊ, बिनआवाजाचे, दाबल्याबरोबर पकडणारे, कोरड्यात उत्तम. ओल्या रेतीत ते साबणासारखे विरघळतात. सिंटर्ड म्हणजे धातूची भुकटी तापवून, दाबून केलेले. ते कर्कश ओरडतात, गार असताना आळशी असतात, पण टिकतात. नोव्हेंबर उजाडला की सिंटर्ड बसवावेत यात मला तरी दुमत वाटत नाही. फक्त आधी डिस्क पाहावी. स्वस्त डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असतं आणि ते शोभेसाठी नसतं. मऊ डिस्कवर कठीण पॅड लावलं तर पॅड वाचतं आणि डिस्क जाते. डिस्क नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ ला बाद. सगळा हिशेब ०.३ मिलिमीटरचा. पॅड झिजावं, डिस्क झिजू नये, हा त्यातला क्रम. हा क्रम एकदा डोक्यात बसला की सायकलच्या बाकीच्या भागांकडंही त्याच नजरेनं बघता येतं.

पोलाद, पाणी आणि दगड हे त्रिकूट या शहराला नवं नाही. घरून निघून रिंगिंगलोकडं चढताना पोर्टर नावाच्या ओढ्याची साथ असते. ओढा कसला, आपल्याकडं त्याला वहाळ म्हणतील. पण सोळाव्या शतकापासून त्याच्या पाण्यावर चाकं फिरत आणि त्या चाकांवर सुऱ्या-कात्र्यांना धार लागे. शेफर्ड व्हील नावाचा असा एक कारखाना अजून जपून ठेवला आहे. आत गेलं की ओळीनं मांडलेले वालुकाश्माचे गोल दगड आणि त्यांच्यासमोर लाकडी खोगिरं. कारागीर खोगिरावर स्वार होऊन पुढं वाकून बसायचा, तोंड दगडाच्या वीतभर अंतरावर. पातं झिजायचं, दगडही झिजायचा आणि तिसरा झिजायचा तो त्या माणसाचा छातीचा भाता. १८३० साली आर्नल्ड नाइट या इथल्या डॉक्टरानं लिहून ठेवलंय: कोरड्या दगडावर काम करणारे तिशीच्या आगेमागे जातात, ओल्या दगडावरचे चाळीस ते पन्नासपर्यंत तगतात. पाण्यानं धूळ बसायची, तेवढीच दहा-वीस वर्षं जास्त. तिथून बाहेर पडून पुन्हा सायकलवर बसलं की ब्रेक पॅडबद्दलची आपली तक्रार तोंडातल्या तोंडात राहते.

आणि ब्रेकची डिस्क? तिचं मूळही इथलंच. १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांचा प्रश्न सोडवत होता. गोळी सुटताना नळी आतून खाल्ली जाते. ती कमी झिजेल असं पोलाद त्याला हवं होतं. त्यानं क्रोमियम घातलं, सुमारे तेरा टक्के. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर आधी आम्लानं खरवडावा लागतो, आणि हा पठ्ठ्या आम्लाला दाद देईना. नळ्यांचं काय व्हायचं ते झालं, पण गंज न धरणारं पोलाद हाती लागलं. आज सायकलच्या बहुतेक डिस्क त्याच कुळातल्या पोलादाच्या असतात. म्हणजे झीज थांबवायला निघालेल्या माणसानं गंज थांबवला. झीज राहिलीच. ती अजून हाउंडकर्कवर चालू आहे.

आता चेनबद्दल. चेन ताणली गेली, असं सगळे म्हणतात. पोलादाची पट्टी माणसाच्या पायानं ताणली जात नाही. चेनमध्ये शंभरावर कड्या, प्रत्येक कडीला पिन आणि दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. रेती पिनेपाशी पोचली की पिन एका बाजूनं चाटून निघते. एका कडीत सहा-सात शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी ढिलाई आली, की चेन अर्ध्या टक्क्यानं लांबली. अकरा-बारा गिअरच्या सायकलीला बहुतेक मेकॅनिक इथंच लक्ष्मणरेषा मानतात. मोजायला पत्र्याचं एक साधं गेज मिळतं, दोन-चार पौंडांचं. त्याचं एक टोक कडीत अडकवायचं आणि दुसरं आत पडतं का पाहायचं. अडलं तर चेन ठीक. टपकन आत पडलं तर नवी चेन आणायची, त्याच आठवड्यात.

त्याच आठवड्यात, हे मी जोर देऊन सांगतो. कारण लांबलेली चेन मागच्या कॅसेटच्या दात्यांवर नीट बसत नाही. दात्याच्या कुशीत बसायच्या ऐवजी त्याच्या उतरणीवर चढते आणि दाता आपल्या मापानं कोरून घेते. मग कॅसेटही लांबलेली, चेनही लांबलेली, आणि दोघांचं एकमेकांशी छान जमतं. अशा कॅसेटवर नवी चेन टाकली तर ती चढावर जोर लावताच दाता सोडून उडी मारते. चेनच्या चौपट-पाचपट किंमत कॅसेटची. पुढचं दातेरी चाक वेगळंच. शहाणा माणूस चेन झिजू देतो आणि कॅसेट वाचवतो. काटकसरी माणूस चेन वाचवतो आणि कॅसेटसकट सगळं बदलतो. तिसरा एक पंथ आहे: सगळं एकत्र झिजवायचं, हिवाळाभर कशालाही हात लावायचा नाही आणि मार्चअखेर सगळं एकदम बदलायचं. स्वस्त भाग लावलेल्या सायकलीला हा हिशेब चक्क परवडतो. महागड्या कॅसेटवर तो करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तेल कुठलं घालायचं यावर इथं जेवढे वाद होतात तेवढे पुण्यात मिसळीवरही होत नाहीत. ओल्या हवेसाठी दाट चिकट तेल येतं. ते पाण्यात टिकतं, पण रेतीलाही मिठी मारतं. माझं म्हणणं एवढंच, की तेलाची गरज चेनच्या आत, पिनेपाशी असते. बाहेर दिसणारं तेल हे सगळं रेतीचं निमंत्रण. प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडावा, पॅडल उलटं फिरवावं, पाच मिनिटं थांबावं आणि मग जुन्या बनियननं चेन अशी पुसावी की जणू तेल घातलंच नव्हतं. हे शेवटचं पुसणं बहुतेक लोक गाळतात.

मेणाचा मार्गही आहे. चेन काढायची, पेट्रोलसारख्या द्रावकात लख्ख धुवायची आणि वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवून ठेवायची. मेण पिनेपर्यंत शिरतं, थिजतं आणि बाहेरून कोरडं राहतं, त्यामुळं रेती चिकटत नाही. मेण मंद आचेवर वितळायला स्लो कुकर सोयीचा. मी एक जुना कुकर त्यासाठी वेगळा ठेवला आहे. एका रविवारी फोनवर बोलता बोलता तो कॅमेऱ्यात आला.

“काय शिजतंय रे? वरण?”

“नाही गं आई, चेन आहे.”

“कसली चेन?”

“सायकलची. मेणात घातलीय.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबांना सांगू नकोस. त्यांना वाटतं तू तिथं मोठ्या पदावर आहेस.”

मेणाचा तोटा असा, की धो धो पाण्यात ते टिकत नाही. एका ओल्या फेरीनंतर परत बुडवावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी चेनवर तांबूस गंजाची साय. ज्याच्याकडं दोन चेन आणि रविवारची रिकामी संध्याकाळ आहे त्यानं मेणाच्या वाटेला जावं. दोन लहान मुलं असलेल्यानं जाऊ नये.

आता जे सांगायचंय ते काहींना रुचणार नाही. हिवाळ्यात सायकलीचं निम्मं नुकसान माळावर होत नाही, ते घरी आल्यावर अंगणात होतं. माणूस भिजून, गारठून, चिखलात लडबडून येतो आणि प्रेशर वॉशरची बंदूक उचलतो. दोन मिनिटांत सायकल शोरूममधल्यासारखी लखलखते. पण तो झोत हबच्या, हँडलच्या आणि पॅडलच्या बेअरिंगांच्या सीलवर सरळ पडला, तर रबराची ती पातळ चकती त्याला कुठवर तोंड देणार? माळावर दिवसभरात जे पाणी आत गेलं नसतं ते दोन मिनिटांत जातं, सोबत रेती नेतं आणि ग्रीस बाहेर आणतं. सायकल बाहेरून जितकी चकचकीत तितकी आतून कोरडी. बादली, ब्रश, कमी जोराचा पाइप आणि मग कोरडं फडकं एवढं पुरतं. फ्रेमवर थोडा चिखल राहिला तर राहू दे. फ्रेमला चिखलानं काही होत नाही. रस्त्यावरून आला असाल तर मात्र धुणं टाळू नका, कारण थंडीत इथल्या रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खाणीतलं मीठ टाकतात आणि मिठाला ॲल्युमिनियमचे बोल्ट फार आवडतात.

बेअरिंगांमध्ये सगळ्यात आधी बळी जातो तो हँडलच्या नळीतल्या खालच्या बेअरिंगचा. पुढचं चाक सगळं पाणी त्याच्यावरच उडवतं आणि ते कुणाच्या नजरेला पडत नाही. सायकल पुढून उचलून हँडल हळूच डावीकडं-उजवीकडं सोडून पाहावं. मध्ये कुठं अडखळल्यासारखं वाटलं तर समजावं, आत तांबेरा लागलाय. लहानपणी आमच्या पेठेतल्या सायकलवाल्याकडं वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंगला सायकल टाकायची पद्धत होती. तो सगळे छर्रे काढून रॉकेलच्या वाटीत टाकायचा, एकेक बोटांत फिरवून बघायचा, खड्डा पडलेला फेकायचा आणि पिवळ्या ग्रीसमध्ये नवे छर्रे मोत्यांसारखे बसवायचा. “काका, चाकाला आउट आलाय,” म्हटलं की तेही त्यातच. आता छर्रे बंद कडीत येतात. कडी खराब झाली की ठोकून काढायची, नवी ठोकून बसवायची. काम स्वच्छ आणि झटपट, पण मधली पायरी गेली. दुरुस्ती आणि बदली यांच्यातला फरक पुसला गेला. त्यातल्या त्यात बेअरिंगच्या सीलचा ओठ दाभणानं उचकटून आत नवं ग्रीस भरलं तर त्याला आणखी एक हिवाळा मिळतो. नोव्हेंबरात नव्या सायकलीचंही असं करून घ्यावं, कारण कारखान्यातून येणारं ग्रीस बोटावर घेण्याएवढंच असतं.

लँकेशरमधल्या बार्नोल्ड्सविक या लहानशा गावात होप नावाची कंपनी आहे. १९८९ साली विमानाच्या इंजिनांचं काम केलेल्या दोघा इंजिनिअरांनी ती काढली. तिचे हब साध्या अवजारांनी उघडता येतात आणि आतला एकूण एक भाग सुटा मिळतो. हे याच प्रदेशात सुचावं यात मला नवल वाटत नाही. ज्याच्या परसात चिखल आहे तोच उघडता येणारं हब बनवणार. उलट पॅडलच्या दांड्याचं बेअरिंग फ्रेममध्ये नुसतं दाबून बसवायची टूम कोरड्या प्रदेशातल्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली असणार. ओल्यात ते महिन्याभरात कुईकुई करू लागतं. गेल्या काही वर्षांत बऱ्याच कंपन्या गुपचूप आट्यांकडं परतल्या आहेत. नवी सायकल घेताना आटे असलेलं मागून घ्यावं.

फोर्कबद्दल फार सांगत नाही. चकचकीत नळ्या फडक्यानं पुसाव्यात, खालच्या पायांतलं तेल पन्नासेक तासांच्या वापरानंतर बदलावं, कारण ते तेल स्वस्त आहे आणि ओरखडा पडलेली नळी महाग आहे. परत तोच क्रम.

काही जण हा सगळा व्याप एका फटक्यात सोडवतात. हिवाळ्यासाठी एकच गिअर असलेली जुनी सायकल: ना कॅसेट, ना मागचा डिरेलर, ना गिअरच्या केबलमध्ये शिरणारी रेती. जाड चेन आणि एक दातेरी चाक. चढावर फेस येतो, उतारावर पाय हवेत भिरभिरतात, पण एप्रिलमध्ये दुकानाचं बिल येत नाही. इथल्या जुन्या खोडांना ही सायकल फार प्रिय. मला तिचं कौतुक आहे. माझ्या गुडघ्यांना नाही.

एवढं सगळं बोलून झालं तरी एक गोष्ट गेजनं मोजता येत नाही आणि दुकानातही मिळत नाही, ती म्हणजे वाट. इंग्लंडमध्ये घोड्यांसाठी राखलेल्या वाटांवर सायकल चालवायचा हक्क १९६८ च्या कायद्यानं मिळाला. पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी जाऊ द्यायचं, या अटीवर. म्हणजे तो हक्क आला तोच दुसऱ्याची कदर करायच्या बोलीवर. शेफिल्डच्या वायव्येला लँगसेटहून डरवेंटच्या खोऱ्यात उतरणारी कट गेट नावाची अशी एक वाट आहे. पूर्वी शेतकरी तिच्यावरून मेंढ्या हाकत पेनिस्टनच्या बाजाराला नेत. सायकलवाले तिच्यावर जीव टाकतात. वरच्या माथ्यावर ती पीटमधून जाते. पीट म्हणजे कुजू न शकलेल्या शेवाळाचा काळा थर, आणि तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. ओल्यात तिथं चाक रुतलं की जो तो डबकं टाळायला कडेनं जातो. मग कड खचते, पुढचा आणखी कडेनं जातो आणि हातभर रुंदीची वाट रस्त्याएवढी रुंद होते. ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिलच्या ‘मेंड अवर माउंटन्स’ मोहिमेतून कट गेटसाठी निधी उभा राहिला. घोडेस्वार आणि सायकलस्वार, एरवी एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघणारे, दोघांनीही त्यात हात घातला आणि सगळ्यात वाईट पट्ट्यांवर दगड बसले. बाकीचा माथा आहे तसाच आहे.

ब्रेक पॅडचे दोन मिलिमीटर ओल्या रविवारी जातात आणि सोमवारी दुकानात परत मिळतात. पीटचे दोन मिलिमीटर भरून यायला दोन वर्षं लागतात, तीही वर कुणी गेलं नाही तर.

तेव्हा या बाजूला सायकल घेऊन येणार असाल, तर पावसाळी आठवड्यात रिंगिंगलोजवळ लेडी कॅनिंग्जच्या रानात जा. तिथं सायकलवाल्यांनी पदरमोड करून ‘ब्लू स्टील’ नावाची दगड ठोकून बसवलेली वाट केली आहे. ती २०१६ पासून भर पावसात वापरली जाते आणि तिचं काही बिघडत नाही. पॅड तिथं हवे तेवढे झिजवा. कट गेटला मात्र जमीन दगडासारखी गोठेल त्या सकाळी या, नाहीतर मे महिन्यात या.